कुंभारी ते जुळे सोलापूर: उड्डाणपूल हवा की जमिनीवरची हलकी रेल्वे?

पूर्वभागकर

मी साखर पेठेतला, कापडाच्या प्रोसेसिंगमधला माणूस. त्याच कामासाठी दोन वर्षं इथिओपियात, अदिस अबाबाला राहून आलो. तिथं रोज ज्या गाडीनं कामावर जायचो तिच्याबद्दल लिहायचं आहे. परत आल्यापासून सोलापूरच्या अक्कलकोट रोडनं जाताना दर वेळी तीच आठवते.

अदिसची हलकी रेल्वे २० सप्टेंबर २०१५ ला सुरू झाली. दोन मार्ग, ३९ स्थानकं, सगळं मिळून तीस किलोमीटरच्या वर. हिरवा मार्ग पूर्वेच्या अयातपासून पश्चिमेच्या तोर हायलोचपर्यंत जातो, निळा उत्तरेच्या मेनेलिक चौकातून दक्षिणेला कालिटीला. शहराच्या मध्यात दोन्ही मार्ग अडीच-पावणेतीन किलोमीटर एकाच रुळांवरून चालतात. रूळ बरेचसे रस्त्याच्या मधोमध, जमिनीवरच आहेत. मी अयातच्या बाजूला राहायचो. तिथंही सरकारनं शहराच्या कडेला मोठमोठ्या इमारती बांधून लोकांना घरं दिली, आणि कामं मात्र शहरातच राहिली. सकाळी सातला मिनीबससाठी भली मोठी रांग असायची. मी रुळाकडं जायचो. सुरुवातीला तिकीट होतं २, ४ नाहीतर ६ बिर्र (तिथलं चलन). मजूर बाई, कॉलेजची पोरं, कार्यालयातले साहेब, सगळे एकाच डब्यात उभे.

आता आपल्याकडं बघा. याच अक्कलकोट रोडला कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगारांची १०,००० घरं झाली. त्याच अंगाला रे नगरची ३०,००० घरांची योजना, त्यातली १५,००० जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली. एका तालुक्याच्या गावापेक्षा मोठी वस्ती आपण एका रस्त्याच्या टोकाला नेऊन ठेवली. तिला शहराशी जोडायला काय ठेवलं? शेअर रिक्षा.

माझं म्हणणं असं की कुंभारी, एमआयडीसी, शांती चौक, अशोक चौक, सात रस्ता, आसरा, जुळे सोलापूर असा एक मार्ग जमिनीवरून काढावा. दोन उड्डाणपुलांचा विषय आपण किती वर्षं ऐकतोय. ते झाले तरी ज्याच्याकडं गाडी आहे तोच वर चढणार. कुंभारीच्या बाईला त्या पुलाचा काय उपयोग?

---

जुळेसोलापूर_रहिवासी

अनुभव मनापासून लिहिलाय, पण मला पटत नाही.

आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. उजनी भरलेलं असतं तेव्हाही. समांतर जलवाहिनीची वाट बघता बघता पोरं मोठी झाली. अशा शहरात शेकडो कोटींची रेल्वे मागायची म्हणजे घरात पीठ नसताना दाराला तोरण बांधायचं.

दुसरं, बसचं काय झालं ते आठवा. केंद्राच्या योजनेतून मोठ्या संख्येनं बस आल्या होत्या. त्यातल्या कित्येकांच्या चेसिसला तडे गेले आणि त्या उभ्या उभ्या गंजल्या. बस ही चार चाकांची साधी वस्तू. तिची निगा राखता आली नाही, तर रूळ, विजेची तार, सिग्नल, डब्यांची कार्यशाळा हे सगळं कोण सांभाळणार?

आणि अदिसचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. ४१ गाड्या घेतल्या होत्या. काही वर्षांतच त्यातल्या बऱ्याच सुट्या भागांअभावी डेपोत जाऊन बसल्या. खर्च साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर, त्यातले ८५ टक्के चीनच्या एक्झिम बँकेचं कर्ज. रुळांच्या कडेच्या कुंपणानं रस्त्याचे दोन भाग झाले, लोकांना पलीकडं जायला लांबून वळसा. हेही लिहायला हवं होतं.

---

रेल्वे_पेन्शनर

वाद छान चाललाय, पण ‘हलकी’ या शब्दाचा घोळ आधी मिटवू. माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली.

आपल्या जिल्ह्याला हलकी रेल्वे नवी नाही. कुर्डुवाडी ते बार्शी ‘बार्शी लाईट’ १८९७ मध्ये सुरू झाली. अडीच फुटी रूळ. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्यानं ती उभी केली. त्याचं डोकं असं चाललं की इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, प्रत्येक आसावर सारखाच भार यायला हवा, ५ टनांच्या आत. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च उतरतो. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. माझे वडील वारीला त्याच गाडीनं गेलेत, टपावर बसून.

आज ज्याला हलकी रेल्वे म्हणतात तिथं ‘हलकी’ म्हणजे प्रवासी कमी वाहणारी. मेट्रोपेक्षा कमी, बसपेक्षा जास्त. गाडी लहान, वळण घट्ट घेते, चढ चढते, रस्त्याच्या सिग्नलला थांबू शकते. म्हणून तिला रस्त्यावरून नेता येतं. वजनाचा संबंध थोडाच. दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी: गरजेपुरतं बांधायचं.

---

पूर्वभागकर

काका, ही माहिती कामाची. धन्यवाद.

@जुळेसोलापूर_रहिवासी, अर्धं सांगितलं हा आरोप मान्य. गाड्या डेपोत बसल्या, फेऱ्या विरळ झाल्या, गर्दी वाढली हे खरं आहे. पण त्याचं कारण नीट बघा. कर्ज डॉलरमध्ये, सुटे भाग बाहेरच्या देशातून, आणि तिकिटाचे पैसे बिर्रमध्ये, तेही मुद्दाम कमी ठेवलेले. परकीय चलन आटलं की ब्रेकचा एक भागसुद्धा मागवता येत नाही. आमच्या कारखान्याचंही तसंच व्हायचं. रंगाचा माल बंदरात पडून असायचा आणि मशीन बंद.

आपल्याकडं मेट्रोचे डबे देशातच बनतात. सव्वाशे किलोमीटरवर लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. रुपयात कर्ज, रुपयात सुटे भाग. ते दुखणं आपल्याला तसंच होईल असं धरून चालू नका.

कुंपणाचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. रूळ टाकताना पायी माणसाचा विचार आधी झाला पाहिजे. तिथं तो मागाहून झाला.

---

नवीपेठ_व्यापारी

माझं दुकान मुख्य रस्त्यावर आहे. मागं एका कामासाठी समोरचा रस्ता खणला. तीन महिने सांगितले होते, दीड वर्ष लागलं. दिवाळीच्या हंगामात गिऱ्हाईक दारापर्यंत येईना. दोन पोरं कामावर होती, एकाला काढावं लागलं, आणि ते अजून मनाला लागून आहे.

रुळांसाठी तर खालची पाण्याची लाईन, ड्रेनेज, विजेच्या केबल, सगळं आधी हलवावं लागेल. आमच्याकडं कुठली लाईन कुठून जाते याचा धड नकाशा तरी आहे का? कन्ना चौक, कोंतम चौक, मधला मारुती, कुठूनही काढा, दुकानदार मरणार. रेल्वेला माझा विरोध नाही. ती करायचीच असेल तर पेठांच्या बाहेरून न्या.

---

वाहतूक_अभियंता

थोडे आकडे मांडतो, कारण इथं ‘मेट्रो’, ‘ट्राम’ आणि ‘हलकी रेल्वे’ यांची सरमिसळ होतेय.

केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’चे निकष काढले, आपल्यासारख्या मध्यम शहरांसाठीच. तीन डब्यांची गाडी, साधारण ३०० प्रवासी, कमाल वेग ताशी ६० किलोमीटर, एका दिशेनं ताशी १५,००० पर्यंत प्रवासी असतील तिथं चालेल अशी. त्याहून हलका पर्याय म्हणून पुढच्या वर्षी ‘मेट्रोनिओ’ आली, रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी. नाशिकसाठी १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात २,०९२ कोटींचा उल्लेख झाला. नाशिककर अजून वाटच बघतायत. नाशिक आपल्यापेक्षा मोठं आणि श्रीमंत शहर आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आता हिशेब. दर दहा मिनिटांनी ३०० प्रवाशांची एक गाडी म्हणजे एका दिशेनं ताशी १,८०० माणसं. तेवढीच माणसं ६० जणांच्या बसनं न्यायची तर ताशी ३० बस, म्हणजे दर दोन मिनिटांना एक. कायद्यानं तीन प्रवाशांच्या रिक्षानं न्यायची तर ताशी ६०० रिक्षा, दर सहा सेकंदांना एक. अक्कलकोट रोडवर सकाळी उभं राहिलं की या शेवटच्या आकड्याच्या आपण किती जवळ आहोत ते डोळ्यांनी दिसतं.

खर्च सांगतो. अदिसला २०१५ च्या डॉलरच्या दरानं किलोमीटरमागं नव्वद ते शंभर कोटी पडले. आज आणि इथं त्याहून जास्त धरा.

लोकसंख्येचं कारण मात्र पुढं करू नका. फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग शेजारची गावं धरूनही पाच लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहरच साडेनऊ लाखांचं होतं. स्ट्रासबर्गनं १९९४ मध्ये ट्राम सुरू केली आणि मधल्या चौकातून मोटारी बाहेर काढल्या. त्याआधी तिथं मोठा वाद झाला होता, जमिनीखालची स्वयंचलित मेट्रो की रस्त्यावरची ट्राम. १९८९ ची महापौरपदाची निवडणूक त्याच वादावर लढली गेली. दुकानदारांना मेट्रो हवी होती, रस्त्यावर ट्राम आली तर गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं. नवी पेठेच्या भावानं जे लिहिलंय, तेच. ट्राम आल्यावर त्या पेठेत पायी माणसांची वर्दळ वाढली. पण बांधकामाची वर्षं जाचक असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही.

---

जुळेसोलापूर_रहिवासी

स्ट्रासबर्गचा दाखला अर्धा आहे. पैसा कुठून आला ते सांगा.

फ्रान्समध्ये मालकांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर घेतात. पॅरिसला तो १९७१ पासून आहे, पुढं इतर शहरांना लागू झाला. दहा-अकरा माणसं कामाला असली की मालकानं तो भरायचा. त्याच्यावर ट्राम उभी राहते आणि वर्षानुवर्षं चालतेसुद्धा.

आपल्याकडं असा कर कोणाकडून घेणार? पूर्वभागातल्या यंत्रमागवाल्याकडून? चार माग, सहा माग, आठ माग. टॉवेलच्या भावाला दोन रुपये कमी झाले की आठवड्याचा पगार लटकतो. मोठ्या गिरण्या होत्या तेव्हा सकाळच्या भोंग्यावर हजारो माणसं एका दारातून आत जायची. तेव्हा कोणी रूळ टाकले असते तर भरलेही असते. आता नरसिंग गिरजी बंद, लक्ष्मी-विष्णू बंद. कामं गल्लीबोळांत विखुरली. एक सरळ रेषा काढून त्यांना गाठता येत नाही. विखुरलेल्या कामाला विखुरणारी वाहतूक लागते, म्हणजे बस, आणि ती सुद्धा लहान.

---

घरकुलची_लेक

इथं कुंभारीच्या बायकांबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मी तिथलीच, म्हणून लिहिते.

माझी आई विडी वळते. तिला शहरात जावं लागत नाही. विडी कारखान्याची शाखा जवळ आहे. पानं-तंबाखू तिथंच मिळतो, बंडल तिथंच द्यायचे. तिच्या नावानं रेल्वे मागत असाल तर तिला महिन्यातून एकदा सिव्हिलला जायला लागते, आणि गड्ड्याच्या जत्रेला.

रोज जाते ती माझी पिढी. मी एका दवाखान्यात नर्स आहे. माझ्या गल्लीतल्या दोघी गणवेशाच्या शिलाई युनिटमध्ये, एक कापडाच्या दुकानात. आमची सुट्टी रात्री नऊला. अशोक चौकात रिक्षा उभी असते, पण भरल्याशिवाय निघत नाही. चौघी झालो तर पाचव्या सीटसाठी थांबायचं. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. पाचवा माणूस पिऊन आलेला असला तरी त्याच्याच शेजारी बसायचं. घरी आईचे फोनवर फोन. लग्न ठरलेल्या एकीला सासरच्यांनी याच कारणावरून नोकरी सोडायला लावली. हे मी ऐकीव सांगत नाही. ती माझ्यासोबत दवाखान्यात होती.

मला टायर की रूळ यात पडायचं नाही. सव्वानऊला येणार म्हणजे सव्वानऊला यावी, रिकामी असली तरी निघावी, आणि आत उजेड असावा. ज्याला हे जमेल त्यानं आणावं.

एक गोष्ट मात्र रुळाच्या बाजूनं सांगते. आमच्याकडं एक बस यायची. एक दिवस आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही, मग कळलं बंद झाली. कोणी सांगितलं नाही. थांब्याचा खांब अजून उभा आहे, म्हातारी माणसं अजून तिथं जाऊन बसतात. रूळ असते तर एवढ्या गुपचूप बंद करता आलं नसतं, असं वाटतं.

---

शांतीचौक_रिक्षा

ताई, तुमचं खरं आहे. मी याच रोडला सीट मारतो, बावीस वर्षं झाली. पाच भरल्याशिवाय निघत नाही हे कबूल. का ते पण ऐका. गॅसचे पैसे, बँकेचा हप्ता, इन्शुरन्स, पासिंग. तीन सीटवर एक फेरी मारली तर घरी काय नेऊ?

रेल्वे आली तर आमच्या पोटावर पाय येतो. पूर्वभागात ज्याची गिरणी बंद पडली, माग बंद पडला, त्यानं रिक्षा घेतली. माझ्या बापानं तेच केलं. त्याला आता कुठं पाठवणार?

तरी मी सरसकट विरोध करणार नाही मालक. स्टेशन झालं तर स्टेशनपासून गल्लीपर्यंत माणूस कोण नेणार? आम्हीच ना. तो धंदा आम्हाला लेखी द्या, स्टॅण्ड पक्का करून द्या. मग लांबची फेरी गेली तरी चालेल. उन्हाळ्यात ४४ डिग्रीत दिवसभर त्या रोडवर गाडी मारायची हौस कोणाला आहे?

---

सिद्धेश्वर_भक्त

एका गोष्टीकडं कोणाचंच लक्ष दिसत नाही. विजेची तार.

संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते. त्या काठ्या किती उंच असतात ते ज्यांनी पेलल्यात त्यांनाच विचारा. आमच्या घरात तीन पिढ्या हा मान आहे. रस्त्यावर आडवी तार आली की काळजाचा ठोका चुकतो. तुमच्या रेल्वेची तार मिरवणुकीच्या मार्गावर आडवी आली तर सोलापूर ती मान्य करणार नाही. आणि माझ्या मते करूही नये. शहराचं वय रेल्वेपेक्षा मोठं आहे.

---

वाहतूक_अभियंता

हा मुद्दा शंभर नंबरी. त्याला उत्तर आहे, आणि ते दुसऱ्या जुन्या शहरांनी आधीच शोधलंय.

फ्रान्समधल्याच बोर्डो शहरानं डिसेंबर २००३ मध्ये ट्राम सुरू केली तेव्हा जुन्या पेठेत तार नको असा आग्रह धरला. तिथं दोन रुळांच्या मधोमध जमिनीत तिसरी पट्टी आहे. गाडी जिच्यावर उभी असते तेवढ्याच तुकड्यात वीज येते, बाकीची पट्टी मृत, वरून माणूस चालत गेला तरी चालतं. महाग आहे, सुरुवातीला बंदही पडायची. नीस शहरानं २००७ मध्ये सोपा मार्ग काढला: दोन मोठ्या चौकांतून गाडी बॅटरीवर जाते, चौक ओलांडला की पुन्हा तार. आता बॅटऱ्या त्या वेळच्यापेक्षा पुष्कळ सुधारल्यात. मिरवणूक जिथं मार्ग ओलांडते ते तुकडे बिनतारेचे ठेवता येतील.

शिवाय वर सांगितलेला मार्ग बाळीवेस किंवा मधल्या पेठांतून जातच नाही. नवी पेठेच्या भावाचीही काळजी त्यानं कमी व्हावी. आसरा पुलाचं मात्र अवघड आहे. खाली रेल्वेची मुख्य लाईन, वर जागा अपुरी. तिथं वेगळा पूल लागेल, आणि सगळ्यात जास्त पैसा तिथंच जाईल. मला विचाराल तर पहिला टप्पा कुंभारी ते सात रस्ता एवढाच धरावा.

---

जुळेसोलापूर_रहिवासी

म्हणजे आमच्या जुळे सोलापूरला काही नाहीच!

असो, मुद्द्यावर येतो. घरकुलच्या ताईंचं वाचून मी रात्री बराच वेळ विचार केला. माझी मुलगीही क्लासवरून आठला येते, मी स्कूटर घेऊन आणायला जातो. प्रत्येकीचा बाप जाऊ शकत नाही.

पण ‘रूळ असले की बंद करता येत नाही’ हे खरं नाही. मुंबईत १९०७ पासून विजेची ट्राम होती, ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. रूळ होते, डबे होते, बसायला माणसंही होती. कोलकात्यात दीडशे वर्षांची ट्राम, २०२४ मध्ये सरकारनं सांगून टाकलं की एक वारशाचा मार्ग सोडून बाकी बंद. रस्ता अडतो, मोटारींना जागा हवी, एवढं कारण पुरलं. सत्तेवरच्या माणसाला मोटारीचा रस्ता मोकळा हवा असेल तर तो रूळही उखडतो. म्हणून मी म्हणतो, बस द्या. ई-बसची केंद्राची योजना आहे. पंधरा बस फक्त या एका रोडला, पहाटे पाच ते रात्री अकरा, दर दहा मिनिटांनी. वर्षभर चालवून दाखवा. बसला माणसं कमी पडली तर रेल्वेचा विषय संपला. माणसं मावेनाशी झाली तर मी स्वतः तुमच्यासोबत निवेदन घेऊन येतो.

---

रेल्वे_पेन्शनर

बार्शी लाईटचे अडीच फुटी रूळ आज कुठं आहेत? नाहीत. उखडले. पण कुर्डुवाडीहून पंढरपूर, सांगोला करत मिरजेला आज ब्रॉडगेजची गाडी जाते. बराचसा मार्ग तोच, कॅल्थ्रॉपच्या कंपनीच्या वेळी आखलेला. इंजिनं गेली, डबे गेले, कंपनी गेली, जमिनीची पट्टी मात्र राहिली. रेल्वेच्या नावावर होती म्हणून राहिली. नाहीतर एवढ्या वर्षांत तिच्यावर काय काय उभं राहिलं असतं ते तुम्हीच बघा.

मुंबईच्या ट्रामला स्वतःची जमीन नव्हती. रस्त्यातच रूळ. रस्ता मोटारींनी घेतला, ट्राम गेली. कोलकात्यातही जिथं रूळ रस्त्यात मिसळले होते तिथंच आधी गळा आवळला.

तुम्ही दोघं रूळ की बस यावर भांडताय. माझ्या मते आधी पट्टी मागा. दोन रुळांना साडेसात-आठ मीटर रुंदी पुरते. कुंभारीच्या बाजूनं रस्ता अजून मोकळा आहे. पाच वर्षांनी तिथं मंगल कार्यालयं आणि शोरूम उभी राहतील, मग भूसंपादनाची फाईल तुमचे नातू बघतील.

---

पूर्वभागकर

काका, हे माझ्या डोक्यात नव्हतं. मी गाडीच्या मागं लागलो होतो.

मग असं म्हणू का? शहराच्या विकास आराखड्यात कुंभारी ते अशोक चौक आठ मीटरची पट्टी रस्त्याच्या मधोमध राखून ठेवावी, तिच्यावर दुसरं काही नको. आज तिच्यावरून फक्त बस जातील. जुळे सोलापूरच्या भावाचं म्हणणं त्यात येतं, रात्रीच्या सव्वानऊचंही येतं. बसला माणसं मावेनाशी झाली की त्याच पट्टीवर रूळ. अदिसमध्ये मिनीबस चौकात अडकलेली असायची आणि आमची गाडी तिच्या शेजारून निघून जायची. ती गाडी रुळावर होती हे एक कारण, आणि तिच्या पुढं दुसरं कोणी घुसू शकत नव्हतं हे दुसरं. आता बसून विचार करतो तर दुसरंच कारण मोठं वाटतं.

उड्डाणपुलाला माझा विरोध कायम आहे, आणि रेल्वेची मागणीही मी सोडलेली नाही.

---

जुळेसोलापूर_रहिवासी

पट्टीला माझी ना नाही. रेल्वेला अजून आहे. शांती चौकाच्या अलीकडं रस्ता अरुंद होतो. तिथं आठ मीटर काढायला कोणाची घरं, कोणाची दुकानं जाणार ते आधी कागदावर मांडा. ते न मांडता निवेदन दिलंत तर पहिला विरोध माझा. आणि या रोडनं सकाळी नेमकी किती माणसं येतात हे इथल्या एकालाही ठाऊक नाही. अभियंत्यांनी १,८०० चा हिशेब दिला, पण तो गाडीचा. माणसांचा कुठाय?

---

वाहतूक_अभियंता

बरोबर. तो मोजल्याशिवाय मिळणार नाही. कामाच्या साध्या दिवशी सकाळी आठ ते दहा, चौघं पुरतात. दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना करायचा. शहराकडं येणाऱ्या रिक्षा, त्यातली माणसं, बस, दुचाकी, सायकल, पायी. बाजाराचा दिवस टाळायचा, आकडा फुगतो. असेच दोन तास रात्री आठ ते दहा, उलट दिशेनं.

---

शांतीचौक_रिक्षा

रिक्षातली माणसं मी सांगतो. लांबून तीन दिसतात, आत पाच असतात. पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूचे धरा.

---

घरकुलची_लेक

रात्रीचं मोजायला मी येते. नऊला सुटते, सव्वानऊपासून अशोक चौकात उभी राहीन. तशीही उभी असतेच. रकान्यात एक गोष्ट वाढवा: किती बायका थांबल्या आणि प्रत्येकीला रिक्षा किती मिनिटांनी मिळाली.

---

पूर्वभागकर

रकाना वाढवला. गुरुवारी सकाळी पावणेआठला शांती चौकात, चहाच्या गाड्याजवळ. वह्या मी आणतो. जुळे सोलापूरकर, तुम्ही कुंभारीकडच्या बाजूला उभे राहाल का? आकडा तुम्ही घेतलेला असला म्हणजे पुढं वाद नको.

---

जुळेसोलापूर_रहिवासी

येतो. साडेसातलाच येतो.